वाचकांचे प्रश्न : कृष्णधवल प्रिंटची करडी पट्टी

गेल्या दोन महिन्यांत इंकजेट प्रिंटरवरच्या कृष्णधवल छपाईबद्दल या सदराकडे बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रे कोल्हापुरातून आणि आसपासच्या गावांतून आलेली आहेत आणि ती लिहिणाऱ्यांपैकी अनेकजण दिवाळीनंतरच्या प्रदर्शनाच्या तयारीत आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील सहा येथे घेतले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम लांब लिहिले आहे, कारण बाकीच्या पाचांची उत्तरे कोठे ना कोठे त्यावरच येऊन टेकतात.

प्रश्न : मी रंकाळ्याची आणि पंचगंगा घाटावरच्या दीपमाळांची कृष्णधवल छायाचित्रे दहा शायांच्या प्रिंटरवर सुती मॅट कागदावर छापतो. घरी सकाळी खिडकीशी पाहिली तर प्रिंट निखळ करडी दिसते. तीच प्रिंट दालनात ट्यूबलाइटखाली हिरवट आणि रात्री पिवळ्या बल्बखाली तांबूस दिसते. प्रिंटर बिघडला आहे का? (शिवाजी पेठ)

आपला प्रिंटर ठीक आहे. आपण छायाचित्र रंगीत छपाईच्या मोडमध्ये छापत आहात, असे पत्रावरून दिसते. त्या मोडमध्ये प्रिंटर करडी छटा मुख्यतः निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून तयार करतो आणि काळी शाई त्यात सावलीच्या भागांतच मोठ्या प्रमाणावर येते. तीन रंगांचे असे मिश्रण एका विशिष्ट उजेडात तोल साधते. उजेड बदलला की तोल ढळतो. साध्या ट्यूबलाइटच्या उजेडात पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा फार जोरकस असते, त्यामुळे मिश्रणातला जो घटक तो हिरवा प्रकाश अधिक परत फेकतो तोच डोळ्यांत भरतो. बल्बच्या उजेडात तांबड्याचा भाग मोठा असल्याने झाक उलट्या बाजूला जाते. एकाच प्रिंटने दोन उजेडांत दोन रंग दाखवावेत याला मेटामेरिझम म्हणतात, आणि फोटोशॉपमध्ये कितीही रंग सरकवले तरी तो जात नाही, कारण एका उजेडासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या उजेडात नवी झाक घेऊन येते.

काळ्या आणि करड्या शाईतले रंगद्रव्य कार्बनचे असते आणि ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच शोषते. म्हणून करडी छटा करड्या शाईनेच छापणे हा यावरचा खरा उपाय आहे. एप्सनने २००५ मध्ये काळ्याच्या तीन पातळ्यांचे, म्हणजे काळी, फिकी आणि अतिफिकी असे शाईसंच आणले आणि त्यांच्यासोबत ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ हा मोड दिला. कॅननच्या फोटो प्रिंटरमध्येही कृष्णधवल छपाईचा स्वतंत्र पर्याय असतो. तो निवडा. कार्बनची शाई एकटी छापली तर किंचित उबदार, तपकिरीकडे झुकणारी दिसते, म्हणून या मोडमध्येही प्रिंटर रंगीत शाईचा थोडा अंश वापरतोच. परंतु तो इतका अल्प असतो की झाक डोळ्यांना जाणवण्याच्या खालीच राहते. ‘न्यूट्रल’ निवडा आणि रंगछटेच्या चकतीला हात लावू नका.

खात्री करून घ्यायची असेल तर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चढत जाणारी एकच करडी पट्टी छापून तिचे तीन तुकडे करा आणि एक खिडकीत, एक ट्यूबलाइटखाली व एक दालनातल्या दिव्याखाली ठेवून पाहा. हे पंधरा मिनिटांचे काम आहे आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीचा मनस्ताप त्याने टळतो.

प्रश्न : मी तालमीतल्या मल्लांची छायाचित्रे काढतो. लाल मातीने माखलेली पाठ, तिच्यावर वरच्या झरोक्यातून पडलेला उजेड आणि मागे अंधारी भिंत, अशी बहुतेक चित्रांची रचना आहे. मॉनिटरवर पाठीच्या सावलीकडच्या बाजूला चिकटलेला मातीचा कणन् कण दिसतो; प्रिंटमध्ये ती बाजू आणि मागची भिंत मिळून काळा गोळा होतो. उजळपणा वाढवला तर सगळा काळाच फिका पडतो. कॅलिब्रेशन करून घ्या असे सांगतात, पण त्यात नेमके काय करायचे असते? (मंगळवार पेठ)

आपले चित्र डोळ्यांसमोर आणता येते, कारण खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात वाढलेल्या कोणालाही ती पाठ ठाऊक आहे. ताक, तेल, हळद घालून मळलेली ती माती ओल्या अंगावर बसते तेव्हा सावलीतही तिचा खरबरीतपणा दिसतो आणि चित्राचा जीव त्या खरबरीतपणातच असतो. तो प्रिंटमध्ये आणता येतो.

प्रिंटरला आपण ‘५० टक्के काळा’ असे सांगतो तेव्हा कागदावर अर्धा काळा उमटेलच असे नाही. शाई कागदात किती पसरते, कागदावर शाई धरण्यासाठी दिलेल्या लेपात किती मुरते, ड्रायव्हरने तिन्ही करड्या शाया कोठे सुरू आणि कोठे बंद केल्या आहेत, या सगळ्यांवर परिणाम अवलंबून असतो. बहुधा मधल्या छटा हव्या त्यापेक्षा गडद होतात आणि शेवटच्या पंधरा-वीस टक्क्यांत शाई वाढत राहिली तरी काळेपणा वाढत नाही. आपल्या मल्लाची सावलीतली पाठ नेमकी त्याच पट्ट्यात बसलेली आहे. कॅलिब्रेशन म्हणजे हे वाकडे उतरण मोजून सरळ करणे. मी त्याला पट्टी सरळ करणे म्हणतो.

मोजण्याआधी यंत्र स्थिर हवे. नोझल चेक (शाईची सगळी छिद्रे मोकळी आहेत का हे दाखवणारी चाचणी-प्रिंट) काढा आणि त्यात एकही रेघ तुटलेली असेल तर पुढे जाऊ नका. हेड अलाइनमेंट, म्हणजे शाई सोडणाऱ्या हेडची जुळणी, करा. कागदाचा प्रकार, छपाईची प्रत आणि मोड ठरवा व कागदाच्या खोक्यावर लिहून ठेवा, कारण यांतले काहीही बदलले की केलेले सगळे मोजमाप वाया जाते. मॅट कागदाला मॅट काळी शाई आणि बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेला, किंचित चमकदार कागद) किंवा चकचकीत कागदाला फोटो काळी शाई, ही जोडी तपासा. मॅट कागदावर फोटो काळी शाई गेली असेल तर कोणतीही पट्टी सरळ करून गडद काळा मिळणार नाही. आपल्या तक्रारीतला काही भाग याच चुकीतून आलेला असण्याची शक्यता आहे, म्हणून हे सर्वांत आधी पाहा.

त्यानंतर शून्यापासून शंभरपर्यंत पाच-पाच टक्क्यांनी चढणारी एकवीस घरांची करडी पट्टी तयार करा. फाइल १६ बिटची व ‘ग्रे गॅमा २.२’ मधली असावी. फोटोशॉपच्या छपाईपूर्व कामासाठी केलेल्या सेटिंगमध्ये करड्यासाठी ‘डॉट गेन २० टक्के’ हा, शाईचा ठिपका पसरणार असे धरून चालणारा, पर्याय ठेवलेला असतो आणि पुष्कळांची पट्टी तेथेच घसरते, म्हणून तेवढे एकदा पाहून घ्या. घरे हाताने मोजायची असल्यास प्रत्येक घर किमान दोन सेंटिमीटरचे ठेवा. छापताना फोटोशॉप आणि ड्रायव्हर या दोघांनीही एकाच वेळी रंगदुरुस्ती करता कामा नये. ही दुहेरी दुरुस्ती हा माझ्याकडे येणाऱ्या प्रिंटमधला सर्वांत नेहमीचा दोष आहे. पट्टी ज्या वाटेने छापली त्याच वाटेने पुढे छायाचित्र जायला हवे.

पट्टी एक दिवस वाळू द्या. पंधरा मिनिटांत ती हाताला कोरडी लागते, पण शाईतला ओलावा कागदातून निघून जायला वेळ लागतो आणि मॅट कागदावर तोवर काळा बदलत राहतो. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली त्याच कागदाचे दोन कोरे ताव ठेवा, म्हणजे टेबलाचा रंग मापात येणार नाही, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने (कागदावरून परत येणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक घराचा उजळपणा तीन वेळा मोजून सरासरी लिहा. या उजळपणाला एल-स्टार म्हणतात. पूर्ण काळ्याला शून्य आणि पूर्ण पांढऱ्याला शंभर अशी ती मोजपट्टी आहे, आणि तिच्यातले समान अंतर डोळ्यालाही साधारण समान वाटते, हे तिचे मोठे सोयीचे अंग आहे.

आता आकडे घेऊन पाहू. समजा कोऱ्या कागदाचा एल-स्टार ९६ आला आणि शंभर टक्के काळ्याचा १६ आला. मॅट सुती कागदासाठी हा चांगला काळा आहे. घनतेच्या, म्हणजे शाई किती प्रकाश अडवते याच्या, भाषेत तो १.७ च्या जवळ जातो. ९६ आणि १६ यांत ८० चे अंतर आहे आणि वीस पायऱ्या उतरायच्या आहेत, म्हणजे प्रत्येक पायरी ४ ने खाली यायला हवी. या हिशेबाने ५० टक्क्यांच्या घरात ५६, ७० टक्क्यांत ४०, ८५ टक्क्यांत २८, ९० टक्क्यांत २४ आणि ९५ टक्क्यांत २० असायला हवेत. प्रत्यक्षात मोजले तेव्हा, समजा, ५० टक्क्यांत ४९, ७० टक्क्यांत ३०, ८५ टक्क्यांत २०, ९० टक्क्यांत १८ आणि ९५ टक्क्यांत १७ निघाले. ८५ ते ९५ या पट्ट्यात आठ एककांचा फरक हवा होता, तेथे फक्त तीनच शिल्लक आहेत. मातीचे कण त्या हरवलेल्या पाच एककांत आहेत.

दुरुस्ती उलट वाचून करायची असते. ५० टक्क्यांच्या घरात ५६ हवा आहे. मग मोजलेल्या रांगेत ५६ कोठे आला ते शोधा. ४० टक्क्यांवर ५८ आणि ४५ टक्क्यांवर ५३.५ असेल तर ५६ हा सुमारे ४२ टक्क्यांवर पडतो. म्हणजे जेथे चित्र ५० मागते तेथे प्रिंटरला ४२ द्यायचे. ४० हा उजळपणा ६० टक्क्यांवर सापडला तर ७० च्या जागी ६० द्यायचे. २४ हा ७५ आणि ८० यांच्या मध्ये ७८ च्या आसपास सापडला तर ९० च्या जागी ७८. हे बिंदू फोटोशॉपच्या कर्व्हमध्ये, म्हणजे मागितलेल्या छटेला द्यायची छटा जोडणाऱ्या वक्ररेषेत, मांडा, दोन्ही टोके शून्य आणि शंभर येथेच घट्ट ठेवा, आणि तो कर्व्ह कागदाच्या नावाने स्वतंत्र जतन करा. आपण उजळपणा वाढवत होता तेव्हा शंभराचे टोकही वर उचलले जात होते, म्हणून काळा फिका पडत होता. या पद्धतीत काळा जागेवर राहतो आणि त्याच्या आधीच्या पायऱ्या मोकळ्या होतात.

तोच कर्व्ह लावून पट्टी पुन्हा छापा, वाळवा, मोजा. पहिल्या फेरीत ती क्वचितच पूर्ण सरळ होते. दुसऱ्या फेरीनंतर प्रत्येक घर अपेक्षित आकड्यापासून एका एककाच्या आत आले की काम झाले असे समजावे. त्यापुढे रेटण्यात अर्थ नाही, कारण दोन तावांतला फरकच तेवढा असतो.

ज्यांना हाताने बिंदू मांडायचे नाहीत त्यांनी रॉय हॅरिंग्टन यांचा ‘क्वाडटोनरिप’ हा शेअरवेअर प्रोग्रॅम पाहावा. मुख्यतः एप्सनच्या प्रिंटरसाठी असलेला हा प्रोग्रॅम ड्रायव्हरला बाजूला ठेवून करड्या शायांचा ताबा स्वतः घेतो, आणि त्याच्यासोबत येणारे एक छोटे साधन मोजलेल्या आकड्यांवरून करड्याची आयसीसी प्रोफाइल (प्रिंटर आणि कागद यांच्या जोडीचे वर्तन सांगणारी फाइल) तयार करून देते. या प्रोग्रॅमचा खरा लाभ आणखी एका ठिकाणी आहे : त्यात शाईची मर्यादा ठरवता येते. प्रत्येक शाई एकेकटी चढत्या क्रमाने छापून पाहिली की लक्षात येते, एका टप्प्यापर्यंत काळा गडद होत जातो, मग थांबतो, आणि काही मॅट कागदांवर तर त्यापुढे किंचित उजळतो, कारण लेप शाई पिऊन तृप्त झालेला असतो आणि वरची शाई नुसती साचते. मर्यादा त्या टप्प्याच्या अलीकडे बांधावी. एप्सनच्या कृष्णधवल मोडमध्ये ही मुभा नाही. तेथे गडदपणाच्या ‘लाइट’पासून ‘डार्केस्ट’पर्यंतच्या पायऱ्या एवढेच हाती असते. मूळ सेटिंग ‘डार्कर’ असते. माझ्या अनुभवात ‘डार्क’ किंवा ‘नॉर्मल’पासून सुरुवात केली तर कर्व्हला कमी ओढाताण करावी लागते.

सरळ पट्टीवर आपली चित्रे पहिल्यांदा छापाल तेव्हा ती थोडी सपाट वाटतील. इतके दिवस मधल्या छटांच्या गडदपणालाच आपण कसदारपणा समजत आलो, त्याची डोळ्यांना सवय झालेली असते. कर्व्ह तसाच राहू द्या. चित्राला जो जोर हवा तो चित्राच्या फाइलमध्ये द्या : भिंत ९८ टक्क्यांवर न्या, पाठ ८० ते ९२ मध्ये खेळवा, खांद्यावरचा उजेड ८ टक्क्यांच्या आसपास राखा. आता यांतला प्रत्येक आकडा कागदावर जसा मागितला तसा उतरेल, आणि भिंग धरून पाहिले तर त्या पाठीवर मातीचे दाणे एकमेकांपासून सुटे दिसतील.

प्रश्न : स्पेक्ट्रोफोटोमीटर आमच्या ऐपतीबाहेर आहे. शाळेत साधा फ्लॅटबेड स्कॅनर आहे. त्याने चालेल का? (इचलकरंजी, कलाशिक्षक)

चालेल, पण एका अटीवर. स्कॅनरचा आकडा स्वतंत्रपणे विश्वासार्ह नसतो. माहीत असलेल्या पट्टीशी तुलना केली तरच त्याला अर्थ येतो. ज्या करड्या पट्टीच्या प्रत्येक घराची घनता छापून दिलेली असते अशी एक प्रमाणित पट्टी मिळवा आणि ती आपल्या पट्टीशेजारी ठेवून दोन्ही एकाच वेळी स्कॅन करा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली स्वयंचलित उजळपणाची, तीक्ष्णतेची, रंगदुरुस्तीची सगळी कामे बंद करा. एक जरी चालू राहिले तरी यंत्र आपल्या नकळत पट्टी ‘सुधारून’ ठेवते. मग आपल्या घराचा आकडा प्रमाणित पट्टीच्या कोणत्या दोन घरांमध्ये बसतो ते पाहून त्याची घनता काढा. काच स्वच्छ हवी, स्कॅनर अर्धा तास आधी सुरू केलेला हवा आणि दोन्ही पट्ट्या काचेच्या मध्यभागी हव्यात, कारण कडांकडे उजेड कमी पडतो.

मधल्या छटांसाठी ही पद्धत समाधानकारक आहे. गडद टोकाला, ९० टक्क्यांच्या पुढे, स्वस्त स्कॅनरला फरक ओळखता येत नाही. तेथे डोळा वापरा : ९०, ९२, ९४, ९६, ९८ आणि १०० टक्क्यांची घरे काळ्या पार्श्वभूमीवर छापा, भर उजेडात खिडकीशी उभे राहा आणि किती घरांच्या कडा दिसतात ते विद्यार्थ्यांना मोजायला सांगा. ९६ पर्यंतच्या कडा दिसत असतील तर वर्गातल्या कामाला तेवढे पुरे आहे.

प्रश्न : मॉनिटरवर नीट दिसणारे प्रत्येक चित्र प्रिंटमध्ये गडद येते. (राजारामपुरी)

मॉनिटर फार उजळ ठेवलेला आहे. दुकानातून येतो तेव्हा त्याचा उजळपणा बहुधा छपाईच्या कामाला लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. तो प्रति चौरस मीटर ८० ते १२० कॅन्डेलाच्या दरम्यान आणा; मोजायला साधन नसेल तर पांढरा पडदा आणि त्याच्याशेजारी चांगल्या उजेडात धरलेला कोरा कागद हे दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत कमी करत जा. प्रिंटही योग्य उजेडात पाहिली पाहिजे. छपाईच्या व्यवसायात पाळल्या जाणाऱ्या आयएसओ ३६६४ या मानकात बारकाईच्या तुलनेसाठी २००० लक्स आणि सर्वसाधारण पाहणीसाठी ५०० लक्स उजेड सांगितला आहे. घरातल्या एका दिव्याच्या खोलीत संध्याकाळी यापैकी काहीच नसते. तेथे कोणतीही प्रिंट गडदच दिसेल.

प्रश्न : मे महिन्यात बसवलेला कर्व्ह जुलैमध्ये चालेनासा झाला. शाई तीच, कागद त्याच खोक्यातला. कर्व्ह बिघडू शकतो का? (रंकाळा परिसर)

कर्व्ह तसाच असतो, कागद सर्दावतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, आणि सुती कागद हा शेवटी कापूसच आहे. हवेतला ओलावा पिऊन त्याचे धागे फुगतात, शाई लेपात वेगळ्या वेगाने मुरते व थेंब वेगळ्या आकाराचा पसरतो. काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात मी एका छायाचित्रकाराच्या तीस प्रिंट उन्हाळ्यातल्या कर्व्हवर छापल्या, आणि वाळल्यावर शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा पहिल्या पाच व शेवटच्या पाच यांच्या सावल्या वेगळ्या निघाल्या. खोके सकाळी उघडले होते आणि संध्याकाळपर्यंत ताव तसेच उघडे होते. त्या तीसही प्रिंट मी स्वतःच्या कागदावर पुन्हा छापून दिल्या, आणि तेव्हापासून पावसाळ्यात लागतील तेवढेच ताव खोक्यातून बाहेर येतात.

खोलीतली आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांत राखता आली तर निम्मी अडचण संपते. एक साधा आर्द्रतामापक प्रिंटरशेजारी टांगा. एअर कंडिशनर असेल तर छपाईआधी दोन तास तो ‘ड्राय’ मोडवर चालवा. कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आडवा ठेवा. सर्द कागदाच्या कडा वळतात आणि हेड त्यांना घासून काळे डाग पाडते. अशा वेळी ड्रायव्हरमध्ये हेड आणि कागद यांतले अंतर एक पायरी वाढवावे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी शाहूपुरीत किंवा व्हीनस कॉर्नरला पाहिला आहे त्यांना कागद वरच्या मजल्यावर ठेवा हे वेगळे सांगायला नको.

ज्यांच्याकडे वातानुकूलनाची सोय नाही त्यांनी वर्षातून तीनदा, मे, जुलैअखेर आणि नोव्हेंबर, एकवीस घरांची पट्टी छापून मोजावी आणि कर्व्हच्या नावापुढे महिना लिहावा. उन्हाळ्यात अडचण उलटी येते : कोरड्या हवेत नोझलच्या तोंडाशी शाई सुकते. आठवड्यातून एकदा सर्व शाया वापरल्या जातील अशी एक छोटी प्रिंट काढली तर हे टळते. प्रिंटर बंद करताना त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरच्या बोर्डाचे बटण दाबले किंवा मध्येच वीज गेली तर हेड झाकणाखाली जाऊन बसत नाही आणि रात्रभर उघडे राहते. म्हणून प्रिंटरला यूपीएस असावाच.

प्रश्न : संग्राहकाला विकायच्या प्रिंटसाठी कागद कसा निवडावा? दुकानदार प्रत्येक कागदाला ‘आर्काइव्हल’ म्हणतात. (लक्ष्मीपुरी)

शंभर टक्के कापसाचा आणि आम्लरहित, एवढे खोक्यावर छापलेले असावे. त्यानंतर प्रश्न उरतो तो पांढरेपणा कशामुळे आला आहे याचा. पुष्कळ कागदांत पांढरेपणासाठी ब्राइटनर मिसळलेले असतात. ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत देतात, म्हणून कागद दुधापेक्षा पांढरा दिसतो. वर्षानुवर्षे उजेडात राहिल्यावर त्यांचा हा गुण ओसरतो आणि कागद त्याच्या मूळच्या पिवळसर छटेवर येतो. रंगीत चित्रात ते लपून जाते. कृष्णधवल चित्रात कागदाचा पांढरा हाच सर्वांत उजळ स्वर असल्याने ते लगेच दिसते, आणि आपण मोजून बसवलेल्या पट्टीचे वरचे टोकच सरकते.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. गुजरीतल्या कोणत्याही पेढीवर नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. नमुन्याचे तुकडे खिशात घालून न्या आणि विनंती करून त्याखाली धरा. जो तुकडा निळा उजळून उठेल त्यात ब्राइटनर भरपूर आहेत. जो मंद, जवळजवळ अंधारा राहील त्यात नाहीत. घरी फिकट मलईसारखा वाटलेला कागदच बहुधा तेथे अंधारा राहतो.

मॅट की बरायटा, हा निर्णय चित्रावर सोडावा. बरायटा कागदावर काळ्याची घनता २.२ च्या पुढे जाते, मॅटवर १.६ ते १.७ ला थांबते. हा फरक मोठा आहे. तरीही ज्या चित्राचा सारा खेळ मधल्या करड्यात आहे, जसे धुक्यातला रंकाळा किंवा पावसानंतरचा जोतिबाचा डोंगर, ते मला मॅट सुती कागदावरच पाहायला आवडते, कारण तेथे दिव्याची चमक चित्राच्या आड येत नाही. रात्रीच्या देवळाची, समईच्या उजेडातली चित्रे बरायटावर छापावीत.

दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा मॅट कागद उलटा घातला जाण्याची तक्रार याच वाचकांनी शेवटी केली आहे. लेप नसलेल्या बाजूवर शाई पसरते आणि काळा राखाडी उमटतो. छापण्याआधी तावाचा एक कोपरा ओठांना लावलेल्या ओलसर बोटाच्या चिमटीत धरा : ज्या बाजूला बोट किंचित चिकटते ती लेपाची बाजू. त्याच कोपऱ्यावर मागून पेन्सिलीने बारीक खूण करून ताव खोक्यात सगळे एकाच दिशेने रचून ठेवावेत.